आधी खोलीचं तापमान बघा, मग प्रोसेसरचं

"प्रोसेसर ८४ अंशांवर जातोय, कोणता कूलर घेऊ?" पुण्यात हा प्रश्न साधारण मार्चच्या मध्यावर सुरू होतो आणि जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की आपोआप थांबतो. विचारणारा प्रोसेसरचं मॉडेल सांगतो, ग्राफिक्स कार्ड सांगतो, बजेटही सांगतो. त्या वेळी खोलीत किती गरम होतं, एवढंच सांगत नाही. आणि ते कळल्याशिवाय ८४ हा आकडा बरा की वाईट, हे कुणालाच ठरवता येत नाही.

कारण साधं आहे. हीटसिंक आणि पंखा उष्णता नाहीशी करत नाहीत, प्रोसेसरमधली उष्णता उचलून खोलीतल्या हवेत टाकतात. त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होणं शक्यच नाही. काम तेच आणि पंखाही तोच असेल, तर खोली आणि प्रोसेसर यांच्यातला फरक जवळपास कायम राहतो. डिसेंबरात सकाळी खोलीत २२ अंश असताना भर कामात ६६ दाखवणारा प्रोसेसर एप्रिलच्या दुपारी, खोलीत ३७ असताना, ८१ दाखवणारच. फरक दोन्ही वेळा ४४. मशीन बिघडलेलं नाही, ऋतू बदललाय. उलट जे मशीन जानेवारीतही ८० दाखवतं, त्याच्यात नक्की काहीतरी गडबड आहे. गंमत म्हणजे नेमकं हेच मशीन आपल्या नजरेतून सुटतं, कारण 'उन्हाळ्यात याहून जास्त असतं' अशी आपण स्वतःची समजूत घातलेली असते.

म्हणून पहिली खरेदी कूलरची करू नका, थर्मामीटरची करा. भिंतीवर किंवा टेबलावर ठेवायचा साधा डिजिटल थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. तो कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, जिथून हवा आत ओढली जाते तिथे वीतभर अंतरावर ठेवा. कॅबिनेटच्या मागे ठेवलात तर बाहेर पडणारी गरम हवाच मोजाल.

मोबाइलवर दिसणारं पुण्याचं तापमान इथे कामाचं नाही. वेधशाळेतला तापमापक सावलीत, वारा खेळणाऱ्या पांढऱ्या झडपांच्या पेटीत असतो. २०१९च्या एप्रिलअखेरीस शिवाजीनगरला पारा ४३ अंशांवर गेला होता आणि १८९७ सालच्या ४३.३ अंशांच्या नोंदीला जवळजवळ भिडला होता. त्या दुपारीसुद्धा जुन्या वाड्यातल्या तळमजल्याच्या खोलीत आणि धायरीत वरच्या मजल्यावर थेट स्लॅबखाली असलेल्या खोलीत सारखं तापमान असणं शक्य नव्हतं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दहा-अकरापर्यंत ते खाली सोडत राहतो. तुमच्या प्रोसेसरला शिवाजीनगरची हवा मिळत नाही, तुमच्या खोलीची मिळते.

हाच हिशोब परदेशी परीक्षणं वाचताना लावा. तिथल्या चाचण्या बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत होतात. एखाद्या कूलरने तिथे प्रोसेसर ७० वर ठेवला, तर पुण्यातल्या ३७ अंशांच्या खोलीत तो ८२ ते ८७वर ठेवेल. कूलरने फसवलेलं नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ आणि पंख्याला उष्णता वाहून न्यायला किंचित कमी उपयोगाची. फरक पडतो तो एखाद-दोन अंशांचाच, पण सहा हजार रुपयांचा कूलर घेऊनही आकडे परीक्षणाशी जुळत नाहीत म्हणून चिडलेल्या माणसाला तेवढीच समजूत.

आकडा नेमका कुठला वाचायचा

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये २०२०पासून ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतं. ते बघून अनेकांना वाटतं की आपण प्रोसेसरचंच तापमान बघतोय. प्रोसेसरसाठी वेगळा प्रोग्रॅम लागतो. माझी शिफारस एचडब्ल्यूइन्फोची. फुकट आहे, नियमित अपडेट होतो. उघडताना 'सेन्सर्स ओन्ली' हा पर्याय निवडा. पुढे चार रकाने दिसतात: आत्ताचं, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी. आत्ताचा रकाना सतत नाचत असतो, त्याच्याकडे बघून रक्तदाब वाढवून घेऊ नका. ब्राउझर उघडला की आधुनिक प्रोसेसर क्षणभर दहा-पंधरा अंश उसळी मारतो आणि लगेच खाली येतो, ते नैसर्गिक आहे. बघायची ती सरासरी, आणि पूर्ण भाराच्या चाचणीतला जास्तीत जास्त आकडा.

यादी लांबलचक असते. इंटेल असेल तर 'सीपीयू पॅकेज' ही ओळ शोधा, एएमडी असेल तर 'टीसीटीएल/टीडाय'. मदरबोर्डच्या गटात नुसतं 'सीपीयू' नावाची आणखी एक ओळ असते. ती मदरबोर्डच्या मार्फत येते आणि बऱ्याचदा काही अंशांनी वेगळी असते. त्याच गटात 'ऑक्सटिन' किंवा तसल्या नावापुढे १२७ अंश दिसले, तर तिथे सेन्सर जोडलेलाच नाही एवढाच त्याचा अर्थ. जुन्या रायझन १६००एक्स, १७००एक्स आणि १८००एक्सवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. या प्रोसेसरचा 'टीसीटीएल' आकडा कंपनीनेच खऱ्यापेक्षा २० अंश जास्त ठेवला होता, पंख्यांचं गणित सर्व मॉडेलना सारखं बसावं म्हणून. सेकंडहँड घेतलेलं असलं मशीन रिकामं असताना ६० दाखवतं म्हणून कुणी पेस्ट बदलायला बसू नये.

बायोसमध्ये दिसणारा आकडा खोटा नसतो, पण तो 'रिकाम्या' मशीनचा नसतो. बायोसमध्ये वीज वाचवायच्या सोयी चालू झालेल्या नसतात, त्यामुळे विंडोजमध्ये शांत बसलेल्या मशीनपेक्षा तिथे आकडा जास्तच दिसतो. उबुंटू वापरणाऱ्यांसाठी एलएम-सेन्सर्स हे पॅकेज पुरेसं आहे. तापमान मोजणाऱ्या काही जुन्या प्रोग्रॅमना विंडोज डिफेंडर हल्ली अडवतो, कारण त्यांच्या आतला ड्रायव्हर सुरक्षेच्या दृष्टीने कच्चा आहे. डिफेंडर बंद करून ते चालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, दुसरा प्रोग्रॅम घ्या.

आता मर्यादा. इंटेलच्या हल्लीच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश आहे. एएमडीत मॉडेलनुसार बदलते: रायझन ५ ५६००एक्सची ९५, तर रायझन ७ ७८००एक्स३डीची ८९. मर्यादेला पोचलं की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो आणि स्वतःला वाचवतो. त्याहीपुढे गेलंच तर मशीन बंद पडतं. रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर तर पूर्ण भारात ९५ला जाऊन तिथेच काम करायचं, अशाच बेताने बनवलेले आहेत. म्हणजे '८० झालं, आता जळणार' ही भीती निराधार आहे. नुकसान होतं ते वेगाचं. दुपारी रेंडर लावणाऱ्या आर्किटेक्टला किंवा लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करणाऱ्या स्टुडिओला ते जाणवतं, कारण सकाळी चाळीस मिनिटांत होणारं काम दुपारी पन्नास मिनिटं खातं. एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'थर्मल थ्रॉटलिंग' या ओळीपुढे 'येस' दिसलं की समजावं, मशीन दमलंय.

दहा मिनिटांची चाचणी

मशीन सुरू करून पंधरा मिनिटं काहीही न करता सोडा. खोलीचं तापमान आणि प्रोसेसरची सरासरी लिहा. मग सिनेबेंच आर२३ची दहा मिनिटांची चाचणी लावा. तीही फुकट आहे. संपल्यावर जास्तीत जास्त आकडा आणि पुन्हा खोलीचं तापमान लिहा. खोलीचं दुसऱ्यांदा का? कारण कॉम्प्युटर जितकी वीज घेतो ती जवळपास सगळी शेवटी उष्णता होऊनच खोलीत येते. ग्राफिक्स कार्डासह ३५० वॉट घेणारं मशीन दार लावलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत चालू असेल, तर तासाभरात खोलीच तापलेली असते.

हे आकडे कुठेतरी मोबाइलमध्ये टाकून हरवण्यापेक्षा कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहा, दुधाच्या हिशोबाशेजारी. वर्षातून तीन-चार नोंदी पुरतात. दोन उन्हाळ्यांमधला फरक वाढलाय का, हे मग एका नजरेत कळतं.

६५ वॉटच्या वर्गातला प्रोसेसर आणि त्याच्या खोक्यात आलेला पंखा, अशी बहुतेक घरांतली जोडी. त्यात रिकामं असताना खोलीपेक्षा १० ते २० अंश आणि पूर्ण भारात ४० ते ५० अंश जास्त, हे मी ठीक समजतो. पूर्ण भारात फरक ५५च्या वर गेला की कारण शोधायला लागावं. शोधायचं कसं, यात खरी मजा आहे, कारण तापमान किती वाढलं यापेक्षा ते कसं वाढलं यातून जास्त कळतं.

चाचणी सुरू होताच दोन-चार सेकंदांत आकडा ९५-१००वर आदळला, तर दोष जवळजवळ नेहमीच हीटसिंक आणि प्रोसेसर यांच्या टेकण्यात असतो. उष्णता धातूपर्यंत पोचतच नाही. आकडा हळूहळू चढत काही मिनिटांनी वर गेला, तर हीटसिंक नीट बसलाय पण त्याला ताजी हवा मिळत नाही, म्हणजे धूळ किंवा कॅबिनेटची जागा. खात्रीसाठी कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून तीच चाचणी परत घ्या. तापमान पाच-सात अंशांनी उतरलं तर हवा कोंडतेय हे सिद्ध झालं. काहीच उतरलं नाही तर लक्ष पुन्हा हीटसिंककडे. सिनेबेंचमध्ये सगळं ठीक, पण गेम खेळताना प्रोसेसर तापतो, असं असेल तर ग्राफिक्स कार्डाची गरम हवा प्रोसेसरचा पंखा ओढतोय. तिथे प्रोसेसरचा कूलर बदलून काही साधत नाही, कॅबिनेटला मागून हवा फेकणारा पंखा हवा. रिकामं असतानाच आकडा चढलेला आणि पंखा जोरात? टास्क मॅनेजरमध्ये बघा, अँटिव्हायरस किंवा अपडेट मागे काम करत बसलेला असतो. आणि मशीन ५० अंशांवर असताना अचानक बंद पडत असेल, तर उष्णतेला दोष देऊ नका. एसएमपीएस, यूपीएस किंवा घरातली वीज तपासा.

धूळ, जागा आणि चार खुंट्या

पुण्यातल्या तापलेल्या डेस्कटॉपपैकी बहुतेकांना नवा कूलर लागत नाही, हे माझं ठाम मत आहे. त्यांना लागते साफसफाई आणि दुसरी जागा.

रस्त्याची, बांधकामाची कोरडी धूळ ब्लोअरने उडून जाते. त्रास देते ती चिकट धूळ. स्वयंपाकघराला लागून टेबल असलं की फोडणीचं तेल हवेतून येतं, देवघर शेजारी असलं की उदबत्तीची काजळी येते, मच्छर अगरबत्तीचा धूर येतो. हे सगळं हीटसिंकच्या पात्यांमध्ये बसतं आणि त्यावर धूळ चिकटून जाड थर होतो. वरून पंखा स्वच्छ दिसतो, थर त्याच्या खाली असतो. टॉर्च मारून पात्यांमधून आरपार दिसतंय का ते बघा. दिसत नसेल तर पंखा सुटा करून मऊ ब्रशने तो थर आधी सैल करावा लागतो, नुसत्या ब्लोअरने तो निघत नाही.

ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याच्या झोताने पंखा त्याच्या ताकदीबाहेर फिरला की बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. काम करण्यापूर्वी वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. एसएमपीएसला बाहेरून ब्लोअर मारायचा, त्याचं झाकण उघडायचं नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब उरलेला असू शकतो. पावसाळ्यात उबेला आलेल्या मुंग्या, झुरळं, कधी एखादी पाल तिथेच सापडते, पण ते काम दुरुस्तीवाल्याचं.

साफसफाई वर्षातून दोनदा पुरे. एक गुढीपाडव्याच्या आसपास, उन्हाळ्याच्या तोंडावर. दुसरी दसऱ्याच्या आधी, कारण खंडेनवमीला आपण बाकीच्या अवजारांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा करतोच. पूजा जरूर करा, पण कॅबिनेटच्या वरच्या जाळीवर हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या वाहू नका. त्या जाळीखाली थेट मदरबोर्ड असतो. गंध लावायला पुढची बाजू आहे.

जागेचं म्हणाल, तर सगळ्यात घातक वस्तू म्हणजे कॉम्प्युटर टेबलातला तो खास कप्पा, ज्यात घरचे ज्याला 'सीपीयू' म्हणतात तो डबा बसवायचा असतो. तिन्ही बाजूंनी प्लायवूड आणि पुढे कधीकधी दारही. मागून निघालेली गरम हवा फिरून पुढून आत जाते, म्हणजे खोलीत ३४ असले तरी प्रोसेसरसाठी ती ४२ची खोली असते. कप्प्याची मागची पट्टी कापून टाका किंवा कॅबिनेट सरळ बाहेर काढा. जमिनीवर ठेवलात तर केरसुणीची सगळी धूळ त्याच्याकडे जाते, म्हणून फूटभर उंच स्टूल किंवा पाट. मागे भिंतीपासून किमान वीतभर अंतर. कापडी कव्हर मशीन बंद असतानाच.

वाळ्याचा किंवा कागदी पॅडचा कूलर खोलीत असेल तर एप्रिलच्या कोरड्या दुपारी तो खोलीचं तापमान चांगलं उतरवतो आणि प्रोसेसरही तितकाच उतरतो. फक्त झोत थेट कॅबिनेटवर नको, कारण बोअरच्या जड पाण्याचे बारीक तुषार आत जाऊन क्षार सोडतात. जूनमध्ये हवा दमट झाली की तो बंदच करावा. एसी असेल तर २६-२७ अंश पुरेत. मशीन चालू असताना आत दव धरेल, ही भीती बाळगू नका, आतले भाग खोलीपेक्षा गरम असतात आणि दव थंड वस्तूवर धरतं.

आता हीटसिंक टेकण्याचा मुद्दा. इंटेलच्या खोक्यातला पंखा चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो आणि त्यातली एक अर्धवट बसणं, हा मी पाहिलेला सगळ्यात सामान्य दोष. बोटाने हळूच हलवून बघा, एखादा कोपरा उचलला जात असेल तर उत्तर मिळालं. परत बसवताना समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या खुंट्या जोडीने दाबा, 'टक्' आवाज यायला हवा. शक्य असेल तर मदरबोर्डच्या मागून चारही खुंट्यांची टोकं पूर्ण बाहेर आलीत का ते बघा. नवा कूलर बसवल्यावरही आकडा १००वर असेल तर तळाची पारदर्शक संरक्षक पट्टी काढायची राहिलीय का, हे आधी तपासा. हसू नका, अनुभवी लोकांकडूनही राहते.

हीटसिंक एकदा उचलला की जुनी थर्मल पेस्ट परत चालत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने दोन्ही पृष्ठभाग पुसून मध्यभागी मटारच्या लहान दाण्याएवढी नवी पेस्ट टाका, दाबाने ती आपोआप पसरते. जास्त टाकून फायदा नाही. पेस्टचं काम धातूंमधल्या सूक्ष्म फटींतली हवा हटवणं एवढंच. तांबं हवेपेक्षा पंधरा हजारपट चांगलं उष्णतावाहक आहे, आणि कुठलीही पेस्ट तांब्याच्या जवळपासही जात नाही. थर पातळ हवा तो यासाठी. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर विशेष सावधगिरी: वाळलेल्या पेस्टमुळे हीटसिंक ओढताना प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग हीटसिंक डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा.

खरंच विकत घ्यायचं असेल तर

कॅबिनेटला मागचा पंखा नसेल तर आधी तो घ्या. पंख्याच्या ज्या बाजूला चौकटीचे आडवे दांडे दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढून आत, मागून आणि वरून बाहेर, ही दिशा. पुढचे पंखे जाळीसह असले आणि आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त असली, तर फटींमधून धूळ ओढली जात नाही.

प्रोसेसरच्या खोक्यावरच्या ६५ वॉटवर विसंबू नका. कोअर आय५-१२४००चा मूळ आकडा ६५ असला तरी पूर्ण जोरात तो ११७ वॉटपर्यंत घेतो. अशा प्रोसेसरवर रोज तासन्‌तास रेंडर होत असेल, तर एका पंख्याचा, चार उष्णतानळ्यांचा टॉवर कूलर घ्यावा. साधारण दीड ते अडीच हजारांत चांगला मिळतो आणि खोक्यातल्या पंख्याच्या मानाने मोठा फरक पडतो. घेण्याआधी कॅबिनेटची रुंदी मोजा. टॉवर साधारण १५ सेंटिमीटरहून उंच असतात आणि स्वस्त कॅबिनेटचं झाकण लागत नाही.

वॉटर कूलरबद्दल मी बराच थंड आहे. पाणी उष्णता रेडिएटरपर्यंत नेतं, तिथून ती त्याच ३७ अंशांच्या हवेत जाते. २५० वॉट ओढणाऱ्या मोठ्या प्रोसेसरला त्याचा उपयोग आहे, आय५ला दिखावा. पंप हा आणखी एक बिघडणारा भाग वाढतो तो वेगळाच. पाण्याने थंड करणं खरंच कुठे लागतं, तर पाषाणला. तिथल्या आयसरमध्ये सीडॅकने २०१९मध्ये बसवलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणक थेट संपर्काच्या द्रव-शीतनावर चालतो, कारण एकमेकांना खेटून बसलेल्या शेकडो प्रोसेसरची उष्णता नुसत्या हवेने हलवणं जड जातं. तिथेही पाण्याने उचललेली उष्णता शेवटी इमारतीबाहेर नेऊन टाकावीच लागते.

पैसे न घालता तापमान उतरवायचे दोन मार्ग मात्र बहुतेकांना ठाऊक नसतात. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १००वरून ९९ टक्के केली की टर्बो बंद होतो आणि आकडा झटकन खाली येतो. टॅली, डीटीपी, ऑनलाइन क्लास यांना फरक कळतही नाही. एएमडीवाल्यांना बायोसमध्ये 'इको मोड' मिळतो आणि इंटेलच्या बऱ्याच मदरबोर्डवर विजेची मर्यादा ६५ वॉटला बांधता येते. दुसरा मार्ग पुण्याच्या हवेचा. इथली एप्रिलची दुपार ३९ अंशांची असली तरी पहाटे बाहेर बावीसच्या आसपास असतं. मुंबईकरांना ही चैन नाही. मोठं रेंडर रात्री खिडकी उघडून लावा आणि झोपा.

तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या इंटेल आय५ के, आय७ आणि आय९वाल्यांसाठी एक वेगळी सूचना. मशीन अचानक क्रॅश होत असेल तर ते केवळ उष्णतेमुळे असेलच असं नाही. या प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते कायमचे कमजोर होत होते. त्यावर इंटेलने ऑगस्ट २०२४पासून नवा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अपडेट करा. आधीच झालेलं नुकसान कुठल्याही कूलरने भरून निघत नाही, प्रोसेसर वॉरंटीत बदलून घ्यावा लागतो.

हे सगळं घरी करायचं नसेल, तर बुधवार पेठेत तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपास पंख्यांपासून पेस्टपर्यंत सगळं मिळतं आणि दुरुस्तीवाले गल्लोगल्ली आहेत. फक्त तिथे जाऊन 'गरम होतंय' एवढंच सांगू नका, त्यावर 'पेस्ट बदलू, पंखा बदलू' हेच उत्तर येणार. चिठ्ठीवर तीन आकडे लिहून न्या: खोलीचं तापमान, रिकामं असतानाचं आणि दहा मिनिटांच्या चाचणीनंतरचं. मशीन परत घेताना तीच चाचणी दुकानात समोर लावायला सांगा, तिथल्या खोलीचं तापमान वजा करा आणि फरक खरंच कमी झाला असेल तरच पैसे द्या.